स्वयंचलित आज्ञावलीतील डेटाबेसचा पासवर्ड : एक चिकित्सा

प्रस्तावना :
नागऱ्यासारख्या गावातून गोंदियाला शिकावयास येणारा विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला व बँक खात्याचा क्रमांक महाविद्यालयाच्या स्वाधीन करतो. ही माहिती डेटाबेसमध्ये साठविली जाते व तिची राखीव प्रत रात्री स्वयंचलित आज्ञावलीद्वारे घेतली जाते. त्या वेळी पासवर्ड टंकित करण्यास कोणी उपस्थित नसल्याने तो आज्ञावलीतच लिहून ठेवण्याचा प्रघात रूढ झाला. प्रस्तुत लेखात या प्रघाताची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
आज्ञावलीत लिहिलेला पासवर्ड तिच्या प्रत्येक प्रतीबरोबर प्रवास करतो. 2016 मध्ये उबर कंपनीच्या अभियंत्याने गिटहबवरील संग्रहात ठेवलेली प्रवेश-किल्ली घुसखोरांच्या हाती लागली आणि सुमारे 5.7 कोटी लोकांची माहिती बाहेर गेली. तो संग्रह खाजगी होता, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे.

आज्ञेच्या ओळीत पासवर्ड देणे हा दुसरा प्रकार होय. संगणकावरील इतर वापरकर्त्यांना चालू प्रक्रियांच्या यादीत तो दिसू शकतो. मायएसक्यूएल तो त्वरित झाकते, तथापि मधला क्षण उरतोच.

स्वतंत्र फाईलमध्ये पासवर्ड ठेवून वाचनाचा अधिकार केवळ मालकास (600) देणे हा तिसरा व तुलनेने बरा मार्ग. युनिक्स प्रणालीवर 'पीजीपास' फाईलचे अधिकार सैल असल्यास पोस्टग्रेसक्यूएल ती विचारातच घेत नाही. ही शिस्त स्वागतार्ह आहे. मायएसक्यूएलच्या 5.6 आवृत्तीपासून उपलब्ध असलेले 'कॉन्फिग एडिटर' मात्र पासवर्ड केवळ अस्पष्ट करते. तो उलगडण्याची किल्ली त्याच फाईलमध्ये असल्याने त्यास पूर्ण संरक्षण मानणे भ्रामक ठरेल.

वस्तुतः फाईलमुळे पासवर्ड नाहीसा होत नाही, त्याची केवळ जागा बदलते. म्हणून राखीव प्रतीसाठी आवश्यक तेवढेच अधिकार असलेले वेगळे खाते हवे. आज्ञावली व डेटाबेस एकाच संगणकावर असल्यास कार्यप्रणालीने पटविलेली ओळख ग्राह्य धरता येते. पोस्टग्रेसक्यूएलमधील 'पीअर' पद्धतीत पासवर्डची गरजच उरत नाही.

निष्कर्ष :
2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न बाळगल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु दंडाच्या भीतीपेक्षा विश्वासाचे मोल अधिक आहे. विद्यार्थी आपला दाखला संस्थेच्या हाती देतो. त्या कपाटाची किल्ली दारावर टांगून ठेवण्याचा अधिकार संस्थेस पोहोचत नाही.