गाणे दोघांचे

भावगीत म्हटले की चंद्र, वारा नि लाजणे, अशी टिंगल करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती सर्वस्वी खोटीही नव्हे. परंतु प्रीतीची ही गाणी ऐकताना मी चंद्राकडे फारसे पाहत नाही. गाणे दोघांचे, तर त्यात बोलते कोण आणि गप्प बसते कोण, एवढेच पाहतो. मास्तरकीची खोड, दुसरे काय! एकच मुलगा बोलू लागला की शेजारच्याला उभे करावेसे वाटते.

आरंभ ‘शीळ’पासून करू. मेहकरचे वकील-कवी ना. घ. देशपांडे यांची ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी तबकडीवर गायिली आणि भावगीताने घराघरांत पाऊल टाकले. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात नायिका त्या अवेळी घुमणाऱ्या शिळेबद्दल त्याला दटावते आणि दटावता दटावता स्वतःच विरघळते. तो एक अक्षर बोलत नाही. त्याची नुसती शीळ. गंमत अशी की, तिचे हे गाऱ्हाणे गातो मात्र पुरुष! बालगंधर्वांना डोक्यावर घेणाऱ्या पिढीला त्यात काही वावगे वाटले नसावे. जोशींचा मोठेपणा हा की, ते आवाजात बायकी लाडिकपणा आणीत नाहीत. शब्दांना पुढे करून आपण मागे राहतात.

त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी ‘शुक्रतारा’ आले. शब्द मंगेश पाडगांवकरांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि गळे दोन : अरुण दाते व सुधा मल्होत्रा. येथे दोघेही बोलतात. तो जे मागणे मागतो तेच ती पुढच्या कडव्यात मागते. बदलते काय? ‘अशी’चे ‘असा’ होते, इतकेच! व्याकरण शिकवणाऱ्याला याहून गोड उदाहरण कोठे मिळायचे? दात्यांच्या स्वरात आर्जव आहे, हुकूम नाही; आणि हिंदीत नाव मिळवलेल्या सुधाताई ती मागणी बरोबरीच्या नात्याने परत करतात. दोघांना सारखा मान देणारे हे गाणे मला म्हणूनच थोर वाटते. मात्र या समतेचे मोल मोजावे लागले आहे. दोघांचे मागणे एकच असल्यामुळे बोलण्यासारखे पुढे काही उरत नाही.

‘भातुकलीच्या खेळामधली’ या गाण्यात ते उरते. कवी पाडगांवकरच, गायक दातेच. चाल यशवंत देवांची. ‘शब्दप्रधान गायकी’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या देवांनी येथे कथा ऐकू येईल एवढीच चाल बांधली आहे, आणि हेच तिचे यश. राजाराणीची ताटातूट होते. राणी मध्ये थोडे बोलते. परंतु राजा जेव्हा खरा प्रश्न विचारतो, तेव्हा ती निरुत्तर. वर्षानुवर्षे मी या जागी गहिवरत आलो.

परवा फराळाचे करताकरता आमच्या सौभाग्यवतींनी हे गाणे ऐकले आणि झाऱ्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “उत्तर नव्हते कशावरून? तिला विचारून थांबले कोण?”

मी वाद घालू पाहिला. कथा सांगणारा तिसराच आहे, निरुत्तर होणे हेच तेथले दुःख आहे, वगैरे. मुद्दा चुकीचा नव्हता, पण मनाचे समाधान होईना. कारण माझ्याच कादंबऱ्यांतल्या किती नायिकांना मी ऐन प्रसंगी डोळ्यांत पाणी आणून गप्प बसवले आहे! वाचकांनी त्याला संयम म्हटले. मीही म्हणू दिले.

‘भातुकली’ अजूनही मला आवडते, पुढेही आवडेल. परंतु ते संपल्यावर मी आता लगेच दुसरे गाणे लावीत नाही. राणी काही बोलते का, म्हणून क्षणभर थांबतो.