भंगाराचा कूळवृत्तांत

केंद्रीय पोलाद मंत्रालयाचे भंगार पुनर्प्रक्रिया धोरण नोव्हेंबर २०१९मध्ये आले. एक टन भंगार वापरले की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते, हा त्यातला हिशेब. त्याच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते सगळे भंगार एकाच मापाने मोजण्याशी.

जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळते आणि त्याची सळई होते. ही भट्टी वितळवते, शुद्ध फारसे करत नाही. तांबे तर कुठल्याच नेहमीच्या भट्टीत सुटत नाही. ऑक्सिजन फुंकला की आधी लोखंड जळते, तांबे तसेच राहते. मोटारीच्या वायरिंगचा तुकडा राहून गेला की तो पोलादात कायमचा मुरतो. प्रमाण वाढले तर गरम रोलिंगमध्ये पृष्ठभागाला भेगा पडतात. सळईला हे बरेचसे चालते, गाडीच्या पत्र्याला नाही. म्हणून पत्र्याची सळई सहज होते, पत्र्याचा पुन्हा पत्रा होणे अवघड. ज्याला चक्र म्हणतात तो बव्हंशी उतार आहे. उलट अलंगला फोडलेल्या जहाजाची प्लेट न वितळवता थेट रोलिंगला जाते, कारण तिचा कूळवृत्तांत बऱ्यापैकी ठाऊक असतो.

धोरण चार संकलन केंद्रांमागे एक प्रक्रिया केंद्र असा नमुना मांडते, आणि व्यवहार खासगी उद्योजकांवर सोडते. पण व्यवहार चालतो कसा? तांब्याला भाव आहे, तेव्हा लांब तार भंगारवाला स्वतःच काढून घेतो. बोटभर तुकड्यासाठी तासभर घालवणे त्याला परवडत नाही. तेवढा स्वच्छ माल आणला म्हणून भट्टीवाला जास्त पैसे देईल, याची खात्रीही नसते. (आपल्याकडे रद्दीवालासुद्धा कागदाची प्रत पाहून भाव करतो!) भंगारावर १८ टक्के जीएसटी आहे, ऑक्टोबर २०२४पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याचा कर नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा. पैशाची साखळी अशी कागदावर आली, धातूची आली नाही.

धोरणाच्या सहा तत्त्वांत ‘पुनर्रचना’ आहे. वायरिंग एका ओढीत निघेल अशी गाडी बनवणे हा तिचा पहिला अर्थ असायला हवा. १ एप्रिल २०२५पासून आयुष्य संपलेल्या वाहनांच्या नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली खरी. तिचे उद्दिष्टही पोलादाच्या वजनातच ठरते.