परक्या कानातला नगारा

मोझार्टची 'आला तुर्का' ही पियानोरचना आपल्यापैकी अनेकांनी नाव ठाऊक नसताना ऐकलेली असते. जुन्या मोबाइल फोनच्या रिंगटोनमधून ती घरोघर वाजत असे. 'आला तुर्का' म्हणजे तुर्की धाटणीची. हे नाव कळले तेव्हा आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच की, यात तुर्की ते काय?

१७८४ साली व्हिएन्नात छापल्या गेलेल्या एका सोनाटाचा हा शेवटचा भाग. वाजवायला साधारण साडेतीन मिनिटे लागतात. उजव्या हातात चार झटपट स्वरांची गिरकी आहे, ती पायरीपायरीने वर चढते. डावा हात खाली एक ठोका, वर तीन ठोके अशी चाल धरतो. मायनरमधली ही सुरावट दबक्या पावलांची आहे; आपल्या भाषेत सांगायचे तर गंधार कोमल आहे. मग षड्ज तोच राहून गंधार शुद्ध होतो. उजवा हात जोडसप्तकात गर्जू लागतो आणि डाव्या हातातले स्वर इतके लगोलग कोसळतात की नगाऱ्यावर टिपरी घुमल्याचा भास होतो. हे या रचनेचे ध्रुवपद. पुढे षड्ज बदलून एक धावता भाग येतो, मग ध्रुवपद, मग पहिली चाल, पुन्हा ध्रुवपद आणि शेवटी ठोक्यांचा जल्लोष. बांधणी इतकी सोपी की मूलही ओळखेल, आणि इतकी चोख की एक ठोका काढता येणार नाही.

या नगाऱ्यामागे इतिहास आहे. १६८३ साली उस्मानी फौजेने व्हिएन्नाला वेढा घातला होता. फौजेबरोबर येनिचेरींचा 'मेहतेर' हा वाद्यवृंद असे. त्यात झुर्ना, दाऊल, झांजा आणि नक्कारे. आपल्या नगारखान्यातला नगाराही त्याच अरबी शब्दाच्या घरातला. शंभर वर्षांत भीती ओसरली आणि तिची हौस झाली. मोझार्टच्या काळात तुर्की ढंग ही व्हिएन्नाची फॅशन होती.

मोझार्टने मेहतेरचा ठोका घेतला, मकाम घेतला नाही. मकामातले सूक्ष्म स्वर पियानोच्या पट्ट्यांत बसतही नाहीत. १७८२ च्या त्याच्या तुर्की कथानकाच्या ऑपेरात सलीम पाशा शत्रूच्या मुलाला माफ करतो, सर्वांत उदार तोच ठरतो. पण त्याच्या वाट्याला एकही गाणे नाही, तो नुसता बोलतो. तुर्काला मोठे मन दिले, गळा दिला नाही. 'आला तुर्का'तही तुर्क वाजतो, गात नाही. मराठी कथा-कादंबऱ्यांत अत्तर, शेरवानी आणि 'या अल्ला' एवढ्यावर उभी केलेली मुस्लिम पात्रे वाचत आलेल्या आम्हाला ही जागा ओळखीची वाटते.

म्हणून मोझार्टवर रागवावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. त्याच्या रचनेत द्वेष नाही, निखळ आनंद आहे. शिवाय कहाणीचा उत्तरार्ध आपल्याच घरातला आहे. १८२६ साली सुलतान दुसरा महमूद याने येनिचेरी मोडून काढले आणि त्यांच्याबरोबर मेहतेरही बंद पडला. १८२८ साली दरबाराचा नवा बँड उभारायला इटलीहून ज्युसेप्पे डोनिझेत्ती आला. इस्तंबूलमध्ये अस्सल नगारा मुका झाला, त्या वेळी युरोपच्या दिवाणखान्यांत त्याची नक्कल जोरात वाजत होती. विसाव्या शतकात मेहतेर पुन्हा उभा राहिला, पण जगाच्या कानात 'तुर्की' म्हणून बसली ती मोझार्टचीच साडेतीन मिनिटे.

आपला आवाज आपण राखला नाही, तर दुसऱ्याने ऐकलेला आवाजच आपला म्हणून चालतो. मोझार्ट जरूर ऐकावा, मनापासून ऐकावा. पण आपले गाणे आपणच लिहायचे आहे, ठोक्यासकट आणि मकामासकट.