ग्रॅसिलेरिऑप्सिस वंशाची पुनर्स्थापना : संरचनाधारित वर्गीकरणाची समीक्षा

प्रस्तावना :

ग्रॅसिलेरिया आणि ग्रॅसिलेरिऑप्सिस हे अगार देणाऱ्या लाल शैवलांचे दोन वंश होत. त्यांतील सुतळीसारख्या गोल शाखांच्या जाती बाह्यरूपावरून वेगळ्या ओळखणे कठीण असते. भेद आहे तो प्रजननांगांच्या अंतर्रचनेत. या भेदाचे वर्गीकरणातील मोल किती, याचे परीक्षण प्रस्तुत लेखात केले आहे.

विवेचन :

फलनानंतर मादी शैवलावर सिस्टोकार्प हा उंचवटा तयार होतो. ग्रॅसिलेरियामध्ये त्यातील बीजाणुजनक ऊतीपासून बाह्य भित्तीपर्यंत नलिकाकार पोषक पेशी जातात. ग्रॅसिलेरिऑप्सिसमध्ये त्या नसतात. या लक्षणाच्या आधारे ई. येल डॉसन यांनी १९४९ मध्ये ग्रॅसिलेरिऑप्सिस वंश स्थापन केला. पुढे जॉर्ज पॅपेनफस यांनी तो अमान्य करून ग्रॅसिलेरियात विलीन केला.

१९८९ मध्ये सुझान फ्रेडरिक व मॅक्स हॉमरसँड यांनी हा वंश पुनर्स्थापित केला. त्यांच्या कार्याचे खरे महत्त्व पद्धतीत आहे. केवळ पक्व सिस्टोकार्प न पाहता त्यांनी प्रजननांगांचा विकासक्रम अभ्यासला आणि नर शैवलाची रचनाही विचारात घेतली. ग्रॅसिलेरिऑप्सिसमध्ये पुंजननपेशी पृष्ठभागावर सलग थरात, तर ग्रॅसिलेरियाच्या बहुतेक जातींत खळग्यांत निर्माण होतात. एका लक्षणावरील आक्षेपाला अशा रीतीने अनेक लक्षणांनी उत्तर मिळाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानेही हे विभाजन उचलून धरले.

तथापि या पद्धतीला मर्यादा आहे. प्रजननांगे नसलेला नमुना हाती आल्यास ही लक्षणे निरुपयोगी ठरतात. १९९५ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासात ग्रॅसिलेरिया व्हेरुकोसा या एकाच नावाखाली ग्रॅसिलेरिया ग्रॅसिलिस आणि ग्रॅसिलेरिऑप्सिस लाँगिसिमा अशी दोन शैवले मोडत असल्याचे स्पष्ट झाले. साहजिकच त्या नावाने पूर्वी नोंदलेली वाढ वा अगारचे प्रमाण नेमके कोणत्या शैवलाचे, हा प्रश्न उपस्थित होतो. चिलिका सरोवरासह भारतातील शैवलांविषयीच्या लेखनातही हे नाव आढळते. तेथेही हाच प्रश्न विचारावा लागतो.

निष्कर्ष :

संरचनाधारित पुनर्वर्गीकरण विकासक्रमाच्या अभ्यासाने विश्वसनीय होते. परंतु जुन्या नोंदींची दुरुस्ती केवळ कागदावर नाव बदलून होत नाही. त्यासाठी मूळ नमुना उपलब्ध असावा लागतो. म्हणून महाविद्यालयीन संशोधनात नर व मादी असे दोन्ही प्रजननक्षम नमुने, स्थळ आणि दिनांकासह, वनस्पतिसंग्रहात जतन करणे अनिवार्य मानले पाहिजे.