'विषबाधा' या एका मथळ्याखाली नाग आणि कॉस्टिकचा ड्रम

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे कारखाने आहेत आणि सूत रंगवणारी डाइंग युनिट्सही. तिथल्या एका गेटवर सुरक्षेचा फलक आहे. मथळा 'विषबाधा झाल्यास'. खाली डावीकडे कवटीचं चिन्ह असलेला कॉस्टिक सोड्याचा ड्रम, उजवीकडे फणा काढलेला नाग. उपाय दोघांना एकच: मिठाचं पाणी पाजून उलटी करवा. फलक लावला हे चांगलंच, पण हा मजकूर जीवघेणा आहे. आणि त्याचं मूळ मला 'विष' या शब्दातच दिसतं.

इंग्रजीत पॉयझन आणि व्हेनम असे दोन शब्द आहेत. पॉयझन खाण्यातून, श्वासातून किंवा कातडीतून आत जातं. व्हेनम दात, नांगी टोचून आत सोडलं जातं. कण्हेर पॉयझनस, नाग व्हेनमस. मराठीत दोघंही 'विषारी'.

यावर कुणीतरी लगेच सुश्रुतसंहिता काढतं: स्थावर विष आणि जंगम विष असा भेद आपल्याकडे होताच की! होता, पण तो विष कुठून आलं याचा, वनस्पती-खनिजांतून की प्राण्यातून. जंगम विषाच्या १६ ठिकाणांत दाढ आहे तसं पित्तही आहे आणि हाडंही. टोचलेलं आणि खाल्लेलं एकाच खात्यात जमा. त्यामुळे जंगम म्हणजे व्हेनम, असं सरळ भाषांतर करता येत नाही.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. नागाचं विष मुख्यतः प्रथिनांचं असतं आणि ते दातातून थेट मांसात उतरतं. पोटात ते नसतंच, मग उलटीतून काय निघणार? उलट त्या विषानं घशाचे स्नायू लुळे पडू लागतात आणि पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. कडुलिंबाचा पाला नाहीतर मिरची चारून बघायची रीतही तितकीच निरुपयोगी. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन मात्र छोटा रेणू. तो पोटातूनच रक्तात जातो आणि हृदयाचे ठोके बिघडवतो. कॉस्टिक सोडा आणखी वेगळा. तो भाजतो. उलटी करवली की वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. म्हणजे फलकावरचा उपाय दोन्ही चित्रांना चूक!

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यामुळे 'दंशविष' असा शब्द रूढ होईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. फलकावर दोन रकाने करा. 'साप चावला तर': हालचाल कमीत कमी, दोरी बांधू नका, कापू नका, काही पाजू नका, लगेच सिव्हिलला न्या. 'रसायन पोटात गेलं तर': उलटी करवू नका, डब्यावरचं लेबल सोबत घेऊन लगेच न्या.

विंचवासाठी तिसरी ओळ लागेल. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यावरची लस तिथे चालत नाही, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर वापरलेलं प्राझोसिन हे मुळात रक्तदाबाचं औषध आहे.