‘फाइल सिंक’ म्हणजे नक्की काय? १९९८चा एक पेपर वाचताना

लॅबमधला पीसी, खोलीवरचा लॅपटॉप आणि घरचा जुना डेस्कटॉप. संशोधनाला लागलं की टिपणं, बिब्टेकच्या फाइली, लेटेकचे मसुदे या तिन्हींवर पसरतातच. मग कोणीतरी सांगतं, ‘आरसिंक वापर’. सल्ला वाईट नाही, पण अपुरा आहे. का, ते समजायला बालसुब्रमण्यम आणि बेंजामिन पियर्स यांचा १९९८चा ‘व्हॉट इज अ फाइल सिंक्रोनायझर?’ हा पेपर वाचावा. तुमचा विषय संगणकशास्त्र नसला तरी.

पेपरचं खरं बळ त्याच्या प्रश्नात आहे. समजा लॅपटॉपवर ‘संदर्भ’ नावाची फाइल आहे आणि पीसीवर नाही. ती लॅपटॉपवर नवी तयार झाली, की पीसीवरून तुम्ही पुसली? आजची दोन्ही फोल्डरं कितीही न्याहाळलीत तरी उत्तर मिळत नाही. त्यासाठी मागच्या सिंकच्या वेळी काय होतं, ते कुठेतरी नोंदवलेलं लागतं. आरसिंक अशी नोंद ठेवत नाही. तो एका बाजूची प्रत दुसरीकडे नेतो आणि ते काम फार हुशारीने करतो (अँड्र्यू ट्रिजेल यांच्या १९९९च्या पीएचडी प्रबंधात ती पद्धत आहे, तोही चाळा). पण ‘डिलीट’चा पर्याय लावून उलट दिशेने चालवलात, तर कालचं नवं टिपण गेलंच समजा. ‘ज्या फाइलची वेळ नंतरची ती खरी’ हा नियमही तसाच. दोन्हीकडे बदल झाला असेल तर एक बदल गुपचूप मरतो, आणि एखाद्या मशीनचं घड्याळ चुकीचं असेल तर नेमका नवाच मरतो.

लेखकद्वयी कामाचे दोन भाग करते: आधी काय बदललं ते ओळखणं, मग जुळवणं. बदलाबद्दल शंका असेल तर ‘बदललं’ असंच धरायचं. बदल एकमेकांच्या आड येत नसतील तर पोचवायचे, येत असतील तर हात लावायचा नाही, माणसाला विचारायचं. इतकं साधं. पियर्स यांच्या गटाचं युनिसन याच विचारावर उभं आहे.

आता तक्रारी. पेपर फाइलला अखंड वस्तू मानतो, आत डोकावत नाही. आपल्या टिपणांसाठी ही मोठी उणीव आहे. लॅबमध्ये पहिला परिच्छेद सुधारला आणि खोलीवर शेवटचा, तर यात खरं भांडण काहीच नाही. गिटला हे जमतं, कारण त्याच्याकडेही मागची समान आवृत्ती असते आणि तो ओळीओळीने तुलना करतो. फक्त अख्खा परिच्छेद एकाच ओळीत लिहू नका. एका ओळीत एक वाक्य ठेवा, लेटेकला त्याने फरक पडत नाही.

दुसरी तक्रार मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांची. पेपरला नाव म्हणजे फक्त नाव. पण ‘दुसऱ्या प्रकरणाची टिपणं’ यातला ऱ युनिकोडमध्ये एका कोडने लिहिता येतो किंवा र अधिक नुक्ता असा दोन कोडांनी. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलपद्धत त्याची फोड करून ठेवायची, लिनक्स मात्र दोन्ही नावं वेगळी मानतो. मग एकाच फोल्डरात हुबेहूब एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात आणि आपण डोळे चोळत बसतो.

शिवाय युनिसन एका वेळी दोनच बाजू जुळवतं. तीन मशीन असतील तर एकाला मधलं ठेवा आणि बाकीची फक्त त्याच्याशीच जुळवा. युनिसनची पुस्तिकाही हेच सुचवते.