एका अपुऱ्या ग्रंथाविषयीं

दुखण्यावर लिहिलेल्या पुस्तकांत बहुधा रोग्याचा योद्धा तरी होतो, नाहीं तर संत तरी. डॉ. पॉल कलानिधी यांचें ‘व्हेन ब्रेथ बिकम्स एअर’ हें इंग्रजी आत्मकथन (२०१६) या दोन्ही मोहांपासून बरेंच दूर राहिलें आहे. म्हणूनच आमच्या वाचकांनीं तें अवश्य वाचावें.

साहित्याची पदवी घेऊन वैद्यकाकडे वळलेले कलानिधी अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें मेंदूच्या शस्त्रक्रियेचें शिक्षण पुरें करीत होते. २०१३ सालीं, वयाच्या ३६ व्या वर्षीं, त्यांस फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचें कळलें. तो तेव्हांच शरीरांत पसरलेला होता. गाठींतील एका विशिष्ट जनुकदोषामुळें त्यांस रोजची गोळी लागू पडली, आणि रोग बरा न होतांहि कांहीं काळ आटोक्यांत आला. या मधल्या मुदतीचें काय करावयाचें, हा ग्रंथाचा खरा विषय. आपण किती जगूं, याचा आंकडा ते डॉक्टरीणबाईंकडे मागतात. बाई प्रथम तो साफ नाकारतात आणि आपणांस मोलाचें काय वाटतें तें ठरवावयास सांगतात. ग्रंथाचा कणा या नकारांत आहे असें आम्हांस वाटतें. कारण आंकडा हातीं आला असता तर दिवस मोजण्याचेंच काम उरलें असतें.

तथापि एक उणीव सांगणें आमचें कर्तव्य आहे. भरलेलें आयुष्य म्हणजे कर्तबगारीचें आयुष्य, ही समजूत पूर्वार्धांत सर्वत्र पसरली आहे. गोळीचा गुण येतांच लेखक पुन्हा शस्त्रक्रियेच्या कामास जुंपून घेतात. ज्या रोग्यास अंथरुणावरून उठण्याचेंहि त्राण नसतें, त्याचें जगणें काय कमी प्रतीचें? याचें उत्तर ग्रंथाच्याच शेवटीं मिळतें. २०१४ सालीं गोळी निरुपयोगी ठरली, काम सुटलें, आणि त्याच वर्षीं, पतिपत्नींनीं विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयानुसार, कन्या जन्मली. तिला उद्देशून लिहिलेल्या ओळींत कसलीहि महत्त्वाकांक्षा नाहीं. मूल जवळ आहे, एवढ्यानेंच लेखक तृप्त आहे.

मार्च २०१५ मध्यें कलानिधी निवर्तले. ग्रंथ अपुरा राहिला. उपसंहार पत्नीनें लिहिला. आरंभींचा लेखक जें मानीत होता तें शेवटचा लेखक मानीत नाहीं. उपचार घेत असलेल्या माणसाच्या मनाचीहि वाढ होत असते, हें ज्या घरांत असें दुखणें आहे त्यांस येथें दिसेल, आणि तें फार मोठें आश्वासन आहे.